घरी जोडलेला डेस्कटॉप मधूनच मंदावतो, दोन महिने झाले, कारण सापडत नाही

गणितवाली | १९ एप्रिल २०२५, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीची. नववी-दहावीला गणित शिकवते आणि धड्यांचे व्हिडिओ घरच्या कॉम्प्युटरवर तयार करते. हा कॉम्प्युटर मी आणि माझ्या भावाने डिसेंबर २०२० मध्ये सुटे भाग आणून स्वतः जोडला. चार वर्षं त्याने एकदाही त्रास दिला नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मात्र तो मधूनच इतका मंदावतो की काम टाकून उठावं लागतं.

भाग असे आहेत: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, त्यावर विंडोज १०. शिवाय २ टीबीची हार्ड डिस्क, सगळं रेकॉर्डिंग तिच्यावर. जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॉटचा पॉवर सप्लाय. गेल्या दिवाळीत प्रोसेसरसोबत आलेला कूलर काढून उभा टॉवर कूलर बसवला. जुन्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये यायचा.

त्रास असा: टाइप केलेली अक्षरं मागाहून उमटतात, व्हिडिओ अडखळतो, फोल्डर उघडायला गेलं की नुसतं गोल फिरत राहतं. कधी दिवसातून चारदा, कधी दोन-दोन दिवस काहीच नाही. थोड्या वेळाने आपोआप पूर्ववत होतं. टास्क मॅनेजर उघडेपर्यंत बरेचदा सगळं ठीक झालेलं असतं.

करून पाहिलेलं: विंडोज पुसून नव्याने टाकलं, अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी केली, रॅम काढून पुसून बसवल्या, मग एकेकच लावून पाहिली. फरक शून्य. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला, प्रोसेसरसकट बदला, अठरा हजार. एवढे पैसे घालण्याआधी इथे विचारते. नव्या दहावीचे पहिले चार धडे जूनच्या आत व्हायला हवेत, मुलं वाट बघतात.

संत्रानगरी | १९ एप्रिल, रात्री १०:४१

ताई, व्हिडिओच्या कामाला १६ जीबी रॅम आता पुरत नाही. ३२ करा. आणि विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार आहेत, तेव्हा ११ कडे जायचं नियोजनही आत्ताच करा.

रात्रपाळी | १९ एप्रिल, रात्री ११:३०

ताई, कृपा करून अजून काहीही विकत घेऊ नका. रॅमही नाही.

रॅम कमी पडली तर मंदपणा कामाच्या ओझ्यासोबत येतो आणि मोठी फाइल बंद केली की जातो. तो असा आपल्या मर्जीने येत-जात नाही. खराब रॅमने मशीन बंद पडतं, निळा पडदा येतो, फाइली बिघडतात. नुसता वेग कमी होणं हे तिचं लक्षण नव्हे. आणि विंडोज नव्याने टाकूनही फरक नाही म्हणजे दोष बहुतेक यंत्रात आहे, सॉफ्टवेअरमध्ये नाही. त्या मेहनतीचा हा उपयोग नक्की झाला.

मी पुण्यात हार्डवेअरचंच काम करतो. अशा मशिनवर सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो नोंद न ठेवता भाग बदलण्यात. म्हणून दोन गोष्टी करा.

एक, वही ठेवा. मंदावलं की वेळ लिहा, खोलीत तेव्हा काय चालू होतं ते लिहा आणि मुख्य म्हणजे हे तपासा: माउसचा बाण सुरळीत हलतो का? चालू असलेलं गाणं अडखळतं का? की सगळं ठीक असून फक्त फाइल उघडायलाच वेळ लागतो?

दोन, एचडब्ल्यूइन्फो नावाचं प्रोग्रॅम टाका, फुकट आहे. सेन्सरची खिडकी उघडून लॉगिंग सुरू करा, दर दोन सेकंदांनी एक ओळ. दिवसभर चालू राहू द्या. मंदावलेल्या क्षणी तुम्ही समोर नसलात तरी फाइलमध्ये सापडेल.

तारवाला | २० एप्रिल, सकाळी ७:५५

मी सोलापूरला वायरिंगची कामं करतो. इचलकरंजी म्हणजे यंत्रमाग आलेच. माग सुरू झाले की व्होल्टेज खाली बसतं. ते एकदा बघून घ्या, स्टॅबिलायझर लावा.

रात्रपाळी | २० एप्रिल, सकाळी ९:१०

दादा, शंका रास्त आहे. पण पॉवर सप्लायच्या पाटीवर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर बाहेर २३० चे १९० झाले तरी आत १२ व्होल्टच मिळतात. व्होल्टेज फारच कोसळलं तर मशीन बंद होईल किंवा रीस्टार्ट होईल, पाच मिनिटं हळू चालून परत सुधारणार नाही. अर्थिंग मात्र तपासावंच, ते वेगळ्या कारणासाठी.

गणितवाली | २० एप्रिल, दुपारी १:०५

पाटीवर १००-२४० आहे. आणि दादांनी बरोबर ओळखलं, आमच्या घराखालीच माग आहेत. खाली वडिलांचा कारखाना, वर आम्ही. वही आजपासून सुरू केली.

म्यूनिककर | २० एप्रिल, दुपारी ४:३०

रायझन आहे म्हणून एक शक्यता मांडतो. एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरच्याच फर्मवेअरमधली सुरक्षा-व्यवस्था, चालू असेल तर काही मशिनी मधूनच अडखळतात, हे एएमडीने मार्च २०२२ मध्ये स्वतः जाहीर केलं होतं. बायोस, म्हणजे मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर, ज्या फ्लॅश चिपमध्ये असतं तिच्याशी चाललेली देवाणघेवाण लांबते आणि तेवढ्या वेळ सगळंच थबकतं. एजीसा (एएमडीच्या फर्मवेअरचा गाभा) १.२.०.७ असलेल्या बायोसपासून ते दुरुस्त झालं. ताईंचा बायोस २०२० चाच असेल तर बघायला हवं. पण बायोस अपडेट करण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू आहे का ते तपासा. असेल तर आधी स्थगित करा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर डिस्क कुलूपबंद होऊन बसेल.

रात्रपाळी | २० एप्रिल, सायंकाळी ६:१५

चांगली आठवण. मात्र ते अडखळणं क्षणभराचं असतं. ताईंचं मिनिटांत मोजावं लागतंय. अपडेट करा, पण आपला चोर तो नसावा असं वाटतं.

जुना ऑपरेटर | २० एप्रिल, रात्री ९:००

मी १९९६ पासून कॉम्प्युटर जोडतोय, आता वयोमानाने थांबलो. विंडोज एक्सपीच्या दिवसांत हुबेहूब अशी तक्रार यायची. डिस्कची रुंद पट्टीसारखी केबल खराब असली की सीआरसीच्या, म्हणजे माहिती वाटेत बिघडल्याच्या, चुका व्हायच्या, आणि अशा सहा चुका झाल्या की विंडोज डीएमए (माहिती थेट मेमरीत टाकण्याची पद्धत) सोडून पीआयओ पद्धतीवर उतरायचं. मग प्रत्येक अक्षर प्रोसेसरने हाताने उचलून आणल्यासारखं मशीन चालायचं. गिऱ्हाईक म्हणायचं डिस्क गेली. आम्ही शंभर-सव्वाशे रुपयांची केबल बदलायचो.

आज डिस्कची साटा केबल बारीक आहे, पीआयओही राहिलं नाही, पण चुका मोजायची सोय तीच आहे. डिस्कची प्रकृती सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा आणि सी७ ची ओळ वाचा. सोबत ०५ आणि सी५ सुद्धा. ०५ आणि सी५ वाढलेले असतील तर डिस्कची तबकडी खराब. ते शून्य असून सी७ वाढलेला असेल तर तबकडी चांगली आहे, वाटेत गडबड आहे. पोरी, हे सगळं करण्याआधी रेकॉर्डिंगची दुसरी प्रत काढ. आधी प्रत, मग तपास.

मांडवी | २० एप्रिल, रात्री ९:४०

ऑपरेटरकाकांना दुजोरा. आमच्याकडे पणजीत पावसाळ्यानंतर साटाच्या टोकांवर हिरवट थर येतो. काढून परत घट्ट बसवलं की कित्येकदा तेवढ्यानेच भागतं.

गणितवाली | २५ एप्रिल, रात्री ११:२०

पाच दिवसांची वही भरली. काका, प्रत भावाच्या डिस्कवर काढली, दोन रात्री लागल्या.

वही लिहिताना जे दिसलं ते दोन महिने डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं. माझा कॉम्प्युटर एका प्रकारे मंदावत नाही, दोन प्रकारे मंदावतो. मी दोन्हींना एकच नाव देऊन बसले होते.

पहिला प्रकार: सगळंच हळू. माउस अडखळतो, गाणं तुटतं, अक्षरं मागाहून येतात. पाच दिवसांत सहा वेळा, सहाही वेळा दुपारी एक ते पाचच्या मध्ये, आणि सहाही वेळा मी व्हिडिओ एक्सपोर्ट करत होते.

दुसरा प्रकार: माउस झकास, गाणंही चालू, पण हार्ड डिस्कवरचं काही उघडायला गेलं की अर्धा-पाऊण मिनिट ठप्प. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वेग शून्य. हा अकरा वेळा, सकाळ-संध्याकाळ कधीही. फक्त कारखान्याला सुट्टी होती त्या दिवशी एकदाही नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५ शून्य, सी५ शून्य. सी७ समोर १९सी असं काहीतरी आहे. हे काय?

जुना ऑपरेटर | २६ एप्रिल, सकाळी ६:३०

तो आकडा सोळाच्या पायातला आहे. तू गणिताची, सोडव.

गणितवाली | २६ एप्रिल, सकाळी ६:५०

१ गुणिले २५६, अधिक ९ गुणिले १६, अधिक १२. म्हणजे ४१२! चारशे बारा चुका.

रात्रपाळी | २६ एप्रिल, सकाळी ९:००

ताई, तुम्ही अर्धं काम केलंत. दोन आजार एकाच वेळी असले की एकाचा उपाय दुसऱ्यामुळे फसल्यासारखा वाटतो, आणि लोक मदरबोर्ड बदलतात.

आधी दुसरा घेऊ, सोपा आहे. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्स, त्यात सिस्टिम. स्टोरएएचसीआय या नावाखाली १२९ क्रमांकाच्या नोंदी आहेत का बघा आणि त्यांच्या वेळा वहीशी ताडून पाहा. त्या नोंदीचा अर्थ असा: विंडोजने डिस्कला काहीतरी मागितलं, उत्तर आलं नाही, वाट बघितली आणि शेवटी जोडणी रीसेट केली. तुमचं ते अर्धा-पाऊण मिनिट म्हणजे ही वाट बघणं.

आणि सुट्टीच्या दिवशी न होणं फार बोलकं आहे. माग चालू असले की वरच्या मजल्याची फरशी थरथरते का?

गणितवाली | २६ एप्रिल, दुपारी २:१५

थरथरते. पाण्याच्या भांड्यात वलयं उठतात. जन्मापासून ह्याच घरात असल्याने ते मला जाणवतच नाही.

१२९ च्या नोंदी सापडल्या. अकरापैकी नऊ वेळा मिनिटासकट जुळल्या.

संत्रानगरी | २६ एप्रिल, दुपारी ३:००

कंपनाने डिस्कचं वाचणारं टोकच जागेवरून हलत असेल तर? तसंही वेग पडतो ना?

रात्रपाळी | २६ एप्रिल, दुपारी ३:४०

पडतो, हे खरं आहे. पण टोक हललं तर डिस्क आतल्या आत पुन्हा वाचते, त्याने सी७ वाढत नाही. सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये जाताना माहिती बिघडली. चार वर्षांपूर्वीच्या पेटीतली केबल, तिला धातूची चिमटी नसेल तर टोक कंपनाने सैल होतं. ताई, चिमटीवाली नवी केबल घ्या, दोन्ही टोकं टक् आवाज येईपर्यंत दाबा, मध्ये तीव्र घडी पडू देऊ नका. डिस्कच्या स्क्रूखाली रबराच्या चकत्या घाला. सी७ चा आकडा कधीच कमी होत नाही, तेव्हा ४१२ बघून घाबरू नका. तो तिथेच थांबतो का एवढंच बघायचं.

आता पहिला प्रकार. लॉगची फाइल एक्सेलमध्ये उघडून मंदावलेल्या वेळेच्या ओळी इथे द्या: प्रोसेसरचं घड्याळ (म्हणजे वेग), त्याचं तापमान, व्हीआरएमचं (मदरबोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचं) तापमान आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळे वेग रोखल्याच्या) तीन ओळी.

गणितवाली | २७ एप्रिल, रात्री १०:३०

आलेख काढला. २४ एप्रिल, दुपारी ३:१२ ते ३:२०.

३:१२ ला घड्याळ ३.९ गिगाहर्ट्झ, प्रोसेसर ७१ अंश, व्हीआरएम मॉस १०९ अंश. ३:१४ ला व्हीआरएम ११३, आणि पुढच्याच ओळीत घड्याळ ०.५४ गिगाहर्ट्झ! सातपटीहून जास्त घसरण. त्या पूर्ण वेळेत "प्रॉचॉट ईएक्सटी" समोर होय लिहिलंय, बाकी दोन ओळींत नाही. व्हीआरएम ९० च्या खाली आल्यावर घड्याळ परत वर. वहीतल्या सहाही घटना अशाच.

प्रोसेसर तर ७१ वरच होता. मग त्याने वेग का टाकला? मी आजवर फक्त त्याचंच तापमान बघत आले.

रात्रपाळी | २७ एप्रिल, रात्री ११:४५

कारण वेग कमी करायचा आदेश प्रोसेसरने स्वतःला दिला नाही, मदरबोर्डने त्याला दिला. प्रॉचॉट म्हणजे तापल्याचा इशारा, ईएक्सटी म्हणजे बाहेरून.

जरा सविस्तर सांगतो, कारण ही चूक चांगल्या जाणत्या लोकांकडूनही होते. पॉवर सप्लाय १२ व्होल्ट देतो. प्रोसेसरला हवे असतात सव्वा-एक व्होल्टच्या आसपास. हे रूपांतर मदरबोर्डवर, प्रोसेसरच्या खाचेशेजारी करड्या चौकोनी कॉइलची रांग आणि तिच्यालगतच्या लहान काळ्या चिप करतात. तोच व्हीआरएम. तुमचा प्रोसेसर ६५ वॉटचा म्हणतात, पण पूर्ण जोरात खाचेतून ८८ वॉटपर्यंत घेतो. ८८ भागिले सव्वा करा, सत्तर अँपिअर येतात. एवढा प्रवाह नखाएवढ्या चिपांतून जातो. साध्या मदरबोर्डवर त्यांच्या डोक्यावर उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा छोटा असतो किंवा नसतोच.

आता तुमच्या पहिल्या संदेशातलं एक वाक्य बघा. दिवाळीत कूलर बदलला. जुना कूलर पंख्याने वारा खाली, मदरबोर्डवर फेकायचा. प्रोसेसरला लागून उरलेला वारा चारी बाजूंना पसरून व्हीआरएमला मिळायचा, कुणीही न मागता. टॉवर कूलर वारा आडवा, मागच्या जाळीकडे नेतो. प्रोसेसर पूर्वीपेक्षा गार झाला आणि शेजारी उपाशी राहिला. थंडीत ते निभावलं. फेब्रुवारी संपता संपता उन्हाळा सुरू झाला आणि गाडं अडलं.

कॉम्प्युटरची पेटी कुठे ठेवली आहे? आणि पुढची जाळी उघडून बघा, मागांचं घर आहे म्हणून विचारतो.

गणितवाली | २८ एप्रिल, रात्री ९:१५

पेटी टेबलाच्या लाकडी कप्प्यात आहे, मागून बंद. दुपारी खोलीत ३७ अंश असतात, कप्प्यात हात घातला तर भट्टी.

पुढची जाळी उघडली आणि मी आणि आई दोघी बघतच राहिलो. जाळीवर पांढऱ्या वाकळीसारखा थर. कापसाचे तंतू एकात एक गुंतून कापडच तयार झालेलं, सोलून अखंड निघालं. वडील म्हणाले, मागावर रोज हवा मारतो, वर मारायचं कधी सुचलं नाही.

तारवाला | २८ एप्रिल, रात्री ९:५०

कारखान्याचा कॉम्प्रेसर थेट मारू नका! त्या हवेत पाणी आणि तेल असतं. हातातला ब्लोअर वापरा, प्लग काढून, आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा वाऱ्याने वेड्यासारखा फिरला तर बेअरिंग जातं. पॉवर सप्लाय उघडू नका, बाहेरूनच उडवा.

रात्रपाळी | २८ एप्रिल, रात्री १०:३०

दादांचं तंतोतंत पाळा. मग पेटी कप्प्याबाहेर, फरशीपासून वीतभर उंच, खाली जाड रबर. १२० मिलिमीटरचा एक पंखा वरच्या जाळीला मागच्या बाजूने लावा, वारा आत फेकणारा, थेट व्हीआरएमवर. सहसा वरचा पंखा वारा बाहेर काढायला लावतात, तुमच्याकडे गरज उलटी आहे. तोवर बायोसमध्ये प्रोसेसरची मर्यादा ४५ वॉट करा, खाचेतली ओढ ८८ वरून साधारण ६० वॉटवर येईल. एक्सपोर्टला थोडा वेळ जास्त लागेल, पण ०.५४ पेक्षा कितीतरी बरं.

एका वेळी एकच बदल. प्रत्येकानंतर तोच धडा एक्सपोर्ट करून वेळ लिहा.

गणितवाली | ११ मे, रात्री १०:००

सगळं क्रमाने केलं. धडा एकच, २२ मिनिटांचा, वेळ दुपारी तीनची, माग चालू.

काहीही न बदलता: ३८ मिनिटं, मध्ये तीनदा घसरण.
जाळी आणि पंखे साफ केल्यावर: ३१ मिनिटं, दोनदा घसरण.
पेटी कप्प्याबाहेर काढल्यावर: २४ मिनिटं, एकदा.
मर्यादा ४५ वॉट केल्यावर: २० मिनिटं, घसरण नाही, व्हीआरएम ९४.
वरचा पंखा लावून मर्यादा परत ६५ वॉट: १७ मिनिटं, व्हीआरएम ८१.

४५ वॉटवर मर्यादा कमी करून काम लवकर झालं, हे मी वर्गात सांगणार आहे. सरासरी वेग आणि कमाल वेग यांतला फरक मुलांना याहून चांगला कुठे दाखवता येणार?

केबल २ मेला बदलली. टाकण्याआधी सी७ चा आकडा ४४७ वर गेला होता. जुनी केबल लावलेली असताना टोकाला बोट लावून जरासं हलवलं तर मोठी फाइल उघडताना दोनदा तेच ठप्प होणं मुद्दाम घडवता आलं. नव्या केबलवर नऊ दिवसांत ४४७ चा ४४७ आहे. १२९ ची एकही नोंद नाही.

बायोसही म्यूनिककर दादांनी सांगितल्याप्रमाणे अपडेट केला, पण सगळ्यात शेवटी, म्हणजे श्रेय कुणाचं हे गोंधळू नये.

खर्च: केबल १८० रुपये, पंखा ६५०, रबर वडिलांच्या कारखान्यातलं.

मांडवी | ११ मे, रात्री १०:२५

वाचून फार आनंद झाला ताई. पहिला धडा झाला का?

गणितवाली | ११ मे, रात्री १०:४०

हो, दोन चलांतील रेषीय समीकरणे, आज मुलांना पाठवला. दुसरा रेकॉर्ड झालाय, उद्या दुपारी एक्सपोर्टला लावते. दुपारीच.

नवीन सभासद | १४ मे, सकाळी ११:२०

माझा इंटेलचा आय५ आहे, टॉवर कूलर पहिल्यापासून आहे. असाच मंदावतो. माझ्याकडे प्रॉचॉट ईएक्सटीची ओळ दिसत नाही. मीही वरचा पंखा लावू का?

रात्रपाळी | १४ मे, दुपारी १२:०५

पंखा नंतर. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-प्रोसेसर-पॉवर या नावाखाली ३७ क्रमांकाची नोंद आहे का बघा. ती असेल तर फर्मवेअरने वेग रोखलाय. आणि आजपासून वही सुरू करा. माउस अडखळतो का, गाणं तुटतं का, ते पहिल्या पानावर लिहा. पाच दिवसांनी इथेच भेटू, नवा धागा नको.